सहीची जागा

माझी भाची सतरा वर्षं चार महिन्यांची होती तेव्हाची ही गोष्ट. आता तिला अठरा पूर्ण झाली आहेत, बारावीही झाली आहे. हे लिहू का, असं विचारल्यावर तिनं दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाली. लिहिलेलं तिनं वाचलं, दोन परिच्छेद काढायला लावले, ते मी काढले. तिचं नाव, गाव, दवाखान्यांची नावं यातलं काही इथं येणार नाही. जुलै २०२४ मध्ये मी रात्रीच्या रात्री मोबाइल घेऊन बसत होते. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले तर जायचं कुठं, कागदावर सही कोण करतं, पोलिसांचं काय होतं, हे मला कुणीतरी साध्या मराठीत सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कुणी आज त्या जागी असेल तर त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

ती अकरावीपासून माझ्याकडे पुण्यात शिकायला होती. तिचे आईवडील सांगोल्याकडच्या एका गावात, शेती. मी सहकारी बँकेत काउंटरवर असते. सह्या जुळवणं हे माझं वीस वर्षांचं काम. हे सांगते कारण पुढं सगळं सहीवरच येऊन थांबलं.

शनिवार, ६ जुलै. मी संध्याकाळी घरी आले तर ती अंधारातच बसली होती. दिवा लावला. कॉलेजच्या बॅगेतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रेग्नन्सी किटची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. दोन रेषा. "मावशी, तू ओरडू नको," एवढंच म्हणाली. मी ओरडले नाही, पण पाच मिनिटं माझ्या तोंडून शब्दही फुटला नाही, आणि ती पाच मिनिटं तिला ओरडण्यापेक्षा जड गेली असं तिनं मला पुढं सांगितलं. म्हणून पहिली गोष्ट ही लिहिते. त्या क्षणी काहीतरी बोला. "मी आहे," एवढं म्हटलं तरी पुरे.

मुलगा तिच्याच वर्गातला, तोही सतराचा. त्याबद्दल मी इथं यापेक्षा जास्त लिहिणार नाही. तिला काय हवं आहे ते त्याच रात्री विचारलं. तिनं ते आधीच ठरवलेलं होतं. बारावी सोडायची नव्हती, हे पुढं न्यायचं नव्हतं. आणि एक अट होती. "आबांना सांगायचं नाही. आईला मीच सांगेन, पण आत्ता नाही." आबा म्हणजे तिचे वडील.

सोमवारी, ८ तारखेला, अर्धा दिवस रजा टाकून तिला जवळच्याच एका प्रसूतिगृहात नेलं. तपासणी फी ५०० रुपये. डॉक्टरांनी वय विचारलं, ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "आईवडील दोघांना घेऊन या. आधी पोलिसांत तक्रार करा, मग बघू." शेवटची पाळी कधी आली होती हेसुद्धा विचारलं नाही. चार मिनिटांत आम्ही बाहेर. रिक्षात ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती.

त्या डॉक्टरांना भीती कशाची वाटली असेल ते आज मला समजतं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीचा २०१२ चा कायदा, त्यानुसार अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरतच नाही. दोघं एका वयाचे असले तरी नाही. कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळेल त्यानं ती पोलिसांना कळवायची, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डॉक्टरही त्यात आले. पण गर्भपाताआधी एफआयआर हवाच किंवा आई आणि वडील दोघांच्याही सह्या हव्यात, असं गर्भपाताच्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर आमचे तीन दिवस वाचले असते.

मंगळवारी एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, मेडिकलमधून गोळ्या मिळतात, घरच्या घरी देऊन टाक, कुणाला कळायचंही नाही. मी खरंच मेडिकलच्या दारापर्यंत गेले. काउंटरवरचा मुलगा तिच्याच वयाचा वाटला, त्याला काय विचारावं ते सुचेना आणि तशीच परत आले. नशीब. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. नळीत असला तर त्या गोळ्या काम करत नाहीत, आणि आत नळी फुटून जिवावर बेतू शकतं. शिवाय तिचा रक्तगट आम्हाला कुणालाच माहीत नव्हता, आणि पुढं त्याचंच एक प्रकरण निघालं.

बुधवारी सरकारी रुग्णालयात. तिथं हे सगळं मोफत होतं, तेव्हा पैशाची अडचण असेल तर थेट तिकडेच जावं. पण आवारात शिरताच पोलिस चौकीची पाटी दिसली आणि ती फाटकातूनच मागे फिरली. मी ओढून नेलं नाही. पाऊस पडत होता. समोरच्या टपरीवर चहा घेतला. ती म्हणाली, "मावशी, मला कुणी विचारतच नाही गं. सगळे तुलाच विचारतात."

गुरुवारी, ११ जुलैला, वाट सापडली. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना मी मुलीचं नाव न घेता विचारलं. त्यांनी एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं आणि एक खूण सांगितली. "आत गेल्यावर भिंतीवर एमटीपी केंद्राचं सरकारी प्रमाणपत्र लावलेलं आहे का ते बघ. नसेल तर बसूच नकोस." एमटीपी म्हणजे वैद्यकीय गर्भपात. प्रमाणपत्र होतं, रिसेप्शनच्या मागं, चौकटीत. जिथं जाल तिथं हे आधी बघा.

या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न मला विचारलाच नाही. तिच्याकडे खुर्ची वळवली आणि म्हणाल्या, "तू सांग बाळा, काय झालं?" मग मला बाहेर बसायला सांगितलं. चाळीस मिनिटं मी बाहेर. आत त्या आणि त्यांच्याकडच्या समुपदेशक ताई. नंतर भाचीनं सांगितलं की एकच गोष्ट त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली. कुणी जबरदस्ती केली का? घरातलं कुणी आहे का? मावशीच्या धाकानं आलीस का? हे शेवटचं ऐकून मला क्षणभर लागलं. पण विचारायलाच हवं. मुलीला दवाखान्यात आणणारं माणूसच तिच्यावर दबाव टाकत असू शकतं. समुपदेशकांनी तिला हेही सांगितलं की आज तू नाव न देण्याचं ठरवलंस म्हणून पुढं तक्रारीचं दार बंद होत नाही. कधी वाटलं की जबरदस्ती होती, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा इथं येऊन सांग.

तपासताना डॉक्टरबाई प्रत्येक गोष्टीआधी तिला विचारत होत्या. रक्तदाब घेऊ का, पोटावर हात ठेवू का. मी आत गेल्यावर म्हणाल्या की नुसत्या तपासणीसाठी बारा वर्षांच्या पुढच्या मुलीची स्वतःची संमती आम्ही धरतो. गर्भपातासाठी मात्र कायदा पालकाची लेखी संमती मागतो. एमटीपी कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण ही अट तशीच राहिली.

इथं माझ्या पोटात गोळा आला. पालक म्हणजे आईवडील, म्हणजे आबा. मी तसं म्हणाले. डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या फाइलमधून कायद्याची प्रत काढून कलम २ चा पहिलाच खंड दाखवला. या कायद्यापुरती पालक म्हणजे अल्पवयीन मुलीची देखभाल जिच्याकडे आहे ती व्यक्ती. बापच हवा, असं नाही. मी दोनदा वाचलं. अकरावीच्या प्रवेश अर्जावर ‘स्थानिक पालक’ म्हणून माझं नाव आणि सही होती, कॉलेजच्या ओळखपत्रामागं माझा पत्ता होता. या दोन्हींची झेरॉक्स आणि माझं आधार कार्ड एवढं त्यांनी मागितलं. तुमच्याकडे मामाची, आत्याची, बहिणीची मुलगी शिकायला राहत असेल तर असे कागद जपून ठेवा. सगळेच डॉक्टर हे मानत नाहीत, आईवडिलांचाच आग्रह धरणारे पुष्कळ आहेत, पण कायद्यातली व्याख्या ही अशी आहे.

त्याच दिवशी दुपारी सोनोग्राफी, १,३०० रुपये. तिथं रिसेप्शनवरच्या बाईंनी आधार कार्डावरची जन्मतारीख बघितली आणि भरलेल्या हॉलमध्ये मोठ्यानं विचारलं, "लग्न झालंय का हिचं?" दहा माना वळल्या. मी काउंटरवर वाकून डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही माहिती आत डॉक्टरांना देऊ आम्ही." त्या गप्प झाल्या. अशा वेळी भांडायचं त्राण नसतं, म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरांची बंद पाकिटातली चिठ्ठी आधीच मागून घ्या.

सोनोग्राफीच्या आधी एफ फॉर्म भरतात. त्यात एक प्रतिज्ञापत्र असतं की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्यावर सही पेशंटची. बाईंनी पेन तिच्यापुढं सरकवलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, माझी सही चालते का इथं?" चालत होती. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मसाठी तिनं जी सही बसवली होती तीच केली, देवनागरीत पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराचा काना खाली ओढून त्याखाली दोन टिंबं. मी रोज शंभर सह्या बघते. ही अजून कच्ची होती, टिंबं देताना पेन थांबत होतं.

रिपोर्ट आला, सात आठवडे चार दिवस, गर्भ पिशवीतच. रक्ताच्या तपासण्यांना ९०० रुपये लागले. हिमोग्लोबिन ९.६, आणि रक्तगट बी निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हटल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. पुढच्या आयुष्यात तिला मूल हवं असेल तेव्हा आईच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे बाळाला धोका होऊ नये म्हणून ते देतात. मंगळवारी मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या असत्या तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

शुक्रवार, १२ जुलै. आता पोलिसांचा विषय. डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. कळवणं मला भाग आहे, ते मी टाळणार नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल दिला आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांचं पीठ होतं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळखीचे तपशील देण्याची गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. न्यायालयाचं कारणही साधं आहे. नाव बाहेर जाईल या भीतीनं मुली डॉक्टरांकडे येतच नाहीत आणि भलत्या माणसांच्या हाती पडतात. आम्ही चार दिवस नेमके त्याच भीतीत काढले होते.

ही विनंती लेखी द्यायची. साध्या कोऱ्या कागदावर मी मराठीत लिहिलं. तारीख, माझं नाते, तिचं वय, आणि ‘आमची ओळख पोलिसांना कळवू नये अशी आम्हा दोघींची विनंती आहे’ हे एक वाक्य. खाली दोघींच्या सह्या. इथंही तिची सही लागली. हा अर्ज दवाखान्याच्याच फाइलमध्ये राहतो, बाहेर जात नाही.

मग संमतीचा फॉर्म, फॉर्म सी. त्यावर अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकानं सही करायची. लिंग जाणून घ्यायचं नाही या कागदावर तिची सही चालली, नाव कळवू नका या कागदावर चालली, आणि तिच्याच शरीराबद्दलच्या या कागदावर तिच्या सहीला जागाच नव्हती. आमच्या बँकेत दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला बचत खातं स्वतःच्या सहीनं चालवता येतं. मला ते आठवलं आणि हात थांबला.

डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "आधी तू वाच. कळलं नाही ते विचार. मग मावशी सही करतील आणि त्याखाली तूही कर. कायद्याला तुझी नको असेल, मला हवी आहे." तिनं तीन प्रश्न विचारले. दुखेल किती, पुढं मूल होईल ना, कॉलेज किती दिवस बुडेल. तिन्हींची उत्तरं घेतली. मग मी सही केली आणि माझ्या सहीखाली तिनं तिची केली.

मावशी म्हणते करायचं आहे आणि मुलीला नको आहे, किंवा उलट, असं झालं तर? हे मी विचारलंच, कारण उद्या कुणाच्या घरी तसं होऊ शकतं. त्या म्हणाल्या, मुलीला नको असेल तर मी करत नाही. आणि सायनच्या रुग्णालयातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणाची आठवण करून दिली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी परवानगी दिली, मग आठवड्याभरात, पालकांचं मत बदलल्यावर, तो आदेश मागं घेतला. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं आहे की मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर न्यायालयानं मुलीचं मत महत्त्वाचं मानून निर्णय घ्यायचा. ते प्रकरण फार पुढच्या महिन्यांचं होतं, म्हणून न्यायालयात गेलं. आमच्यासारख्या सुरुवातीच्या आठवड्यांत कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि त्या मुदतीसाठी पात्र असलेल्यांच्या यादीत अल्पवयीन मुली आहेतच. पण म्हणून थांबू नका. आठवडा वाढला की गोळ्यांचा पर्याय जातो. नऊ आठवड्यांपर्यंतच गोळ्या देतात.

सह्या झालेले कागद त्यांनी पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं, वर ‘गोपनीय’ लिहिलं आणि एक अनुक्रमांक टाकला. त्या दिवसापासून दवाखान्याच्या इतर वह्यांमध्ये ती फक्त तो नंबर होती. एमटीपीच्या नियमांतच हे आहे. नाव फोडलं तर कलम ५ अ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. रिसेप्शनवर नाव मोठ्यानं पुकारू नका, नंबरनं बोलवा, असं तुम्ही हक्कानं सांगू शकता.

सोमवार, १५ जुलै. पहिली गोळी डॉक्टरबाईंसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर. अर्धा तास बसवून घेतलं आणि घरी सोडलं. त्या दिवशी काहीच झालं नाही, ती संध्याकाळी अकाउंट्सची वही घेऊन बसली. त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी पोलिस ठाण्याला पत्र पाठवलं. वय, आठवडे, तारीख, आणि विनंतीवरून ओळख देत नाही हे सांगून निकालाची प्रत जोडली. मंगळवारी तिकडून फोन आला, नाव सांगा म्हणून. शुक्रवारी एक महिला उपनिरीक्षक येऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी निकालातला परिच्छेद पुन्हा दाखवला. त्या काही नोंद करून गेल्या, त्यानंतर आमच्या दारापर्यंत कुणी आलं नाही. लिहायला तीन ओळी लागल्या, पण ते पाच दिवस जिन्यात कुणाचा पाय वाजला तरी मी दाराकडे बघायची.

बुधवारी, १७ तारखेला, आषाढी एकादशी. सुट्टीच होती. सकाळी नऊ वाजता दवाखान्यात गेलो. दुसऱ्या चार गोळ्या दिल्या आणि चार तास तिथंच ठेवून घेतलं. अँटी-डीचं इंजेक्शनही त्याच दिवशी, २,४०० रुपये. कोपऱ्यातल्या टीव्हीवर पंढरपूर दिसत होतं. तिच्या घरून दर वर्षी वारीला माणसं जातात, लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून तीही गेलेली. ती टीव्हीकडे बघत होती आणि दुखायला लागलं तशी माझ्या हातावरची तिची पकड घट्ट होत गेली. साडेअकराला रक्तस्राव सुरू झाला. पुढचे दोन तास वाईट गेले. पोटात पिळवटून येत होतं, थंडी वाजत होती, एकदा उलटी झाली. परिचारिका मावशी गरम पाण्याची पिशवी बदलत होत्या. दोनच्या सुमाराला कळा उतरल्या. डॉक्टरबाईंनी बघितलं, झालं म्हणाल्या. तिनं विचारलं, "आता मी खाऊ का काही?" घरून डब्यात साबुदाण्याची खिचडी नेली होती, गार झालेली. अर्धा डबा संपवला.

घरी जाताना एक चिठ्ठी दिली होती, ती मी फ्रिजच्या दारावर लावली. तासाला दोन मोठी पॅड भिजत असतील आणि असं लागोपाठ दोन तास झालं, तर लगेच फोन. ताप चोवीस तासांहून जास्त राहिला तर फोन. घाण वास आला तर फोन. पॅडची मोठी पाकिटं आधीच आणून ठेवा, जुन्या चादरी काढून ठेवा, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच आणा. औषधांना ३८० रुपये गेले. कॉलेज तीन दिवस बुडलं, ‘पोटाचा त्रास’ असा अर्ज मी स्थानिक पालक म्हणून दिला.

पाळीसारखं रक्त पुढं दहाबारा दिवस थोडं थोडं जात राहतं, हे सांगितलेलं होतं. तरी २५ जुलैला मी घाबरले. आदल्या रात्रीपासून पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं, शाळा-कॉलेजं बंद. आणि नेमकं त्या सकाळी तिला पुन्हा जास्त जायला लागलं. बाहेर पडायची सोय नव्हती. डॉक्टरबाईंनी फोनवर पॅड मोजायला सांगितली. तीन तासांत एक. "वाट बघा, घाबरू नका, तिला पाणी आणि खायला द्या." दुपारपर्यंत कमी झालं. दवाखान्याचा रात्रीचा नंबर तिच्या आणि माझ्या, दोघींच्या मोबाइलमध्ये आधीच घातलेला होता, तो उपयोगी पडला.

सोमवारी, २९ जुलैला, शेवटची तपासणी आणि पुन्हा सोनोग्राफी, १,३०० रुपये. पिशवी साफ होती. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिच्याशी पुढच्या काळजीबद्दल एकटीनं बोलून घेतलं. मला फक्त एवढं कळलं की काही घडलंच, तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आणि सरकारी दवाखान्यांमधल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींना मोफत विचारता येतं, समुपदेशक असतात. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं. सांगायला घरात मीच होते.

पहिल्या प्रसूतिगृहातले ५०० धरून सगळा खर्च १३,४८० रुपये झाला. त्यात गोळ्या, देखरेख आणि दवाखान्याचे ६,००० आणि पहिल्या तपासणीचे ७०० आले. रिक्षा वेगळी.

माझ्या सख्ख्या बहिणीपासून मी हे दोन महिने लपवलं, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. रोज रात्री तिचा फोन यायचा. "पोरगी जेवते का नीट?" मी हो म्हणायची. एकदा भाचीला म्हणाले, तुझ्या आईला मी सांगू का? "नाही. मी म्हटलं ना मी सांगेन." डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं की तिच्या परवानगीशिवाय हे कुणालाही सांगायचं नाही, आणि आईसुद्धा त्या कुणालाही मध्ये आली. मला ते पटायला वेळ लागला.

गणपतीला, ७ सप्टेंबरला, आम्ही गावी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा शेताकडे गेलेले, मी पडवीत पडले होते. स्वयंपाकघरात मायलेकी भांडी आवरत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला आणि बराच वेळ थांबलेलाच राहिला. मी उठून बसले, आत गेले नाही. पाऊण तासानं बहीण बाहेर आली. डोळे सुजलेले. माझ्या शेजारी बसली, पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता बोलेल, मला का नाही सांगितलंस.

"रक्त किती गेलं होतं गं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. एकादशीचं, खिचडीचं, पंचवीस तारखेच्या पावसाचं, सगळं सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६ होतं हेही. ती उठली, फडताळातून गुळाची ढेप काढली, पाटावर घेऊन फोडायला बसली. शेंगदाणे भाजायला मला सांगितले. निघताना पिशवीत लाडवांचा पितळी डबा होता आणि लोहाच्या गोळ्या किती वाजता घ्यायच्या ते तिनं लेकीला दोनदा विचारून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा रक्त तपासलं. ११.४ आलं. तो रिपोर्ट भाचीनं स्वतःच जाऊन आणला.